भिवाचं केळवण

चिंचवड स्टेशनवरून सव्वासातला सुटणाऱ्या कंपनीच्या बसमधल्या बायकांनी शुक्रवारी भिवाचं केळवण करायचं ठरवलं. भिवा नावाचा माणूस कुठेच नव्हता. तो जयमालानं रचलेला होता. चाकणला पोचायला रोज सव्वा तास लागे, मोशीला कोंडी असली तर जास्तच. तेवढ्या वेळात वायरिंगच्या लाइनवर काम करणारी ही शेहेचाळीस वर्षांची बाई पुढच्या सीटवर मागं तोंड करून बसे आणि गोष्ट सांगे. सहा महिने एकच गोष्ट चालली होती. भिवा शाळेत कवायतीचा मास्तर, उंचापुरा, शब्दाला पक्का. बायका त्याच्यावर इतक्या खूश, की शालनबाईंनी स्वतःच त्याला दीक्षा नावाची नर्स पसंत केली आणि जयमालाला ती गोष्टीत आणावी लागली. तुळशीचं लग्न झाल्यावर भिवाचाही मुहूर्त निघाला. मग आदल्या दिवशी केळवण नको?

हे लग्न जयमालालाही हवं होतं, पण तिचं कारण वेगळं होतं. गौरी जेवणाच्या दिवशी भाजी निवडताना तिच्या मुलानं, प्रज्वलनं, मान वर न करता सांगितलं होतं, की त्याचं मन मुलींकडे जात नाही, कधीच गेलं नाही. सत्तावीस वर्षांचा, भोसरीच्या कारखान्यात कायम झालेला मुलगा. "बाबांना बोलू नकोस," एवढंच ती म्हणाली आणि सोळा भाज्यांतल्या उरलेल्या भाज्या निवडत राहिली. लग्न झालं की होईल सगळं ठीक, असं तिनं स्वतःला समजावलं. भिवा दीक्षाकडे बघून हसला असं बसमध्ये सांगितलं, की तेवढ्यापुरतं ते तिलाही खरं वाटे.

आणि आता तिच्या नवऱ्यानं, ज्योतीरामनं, रविवारी तळेगावची मुलगी बघायला जायचं परस्पर ठरवून टाकलं होतं. गुरुवारी संध्याकाळी प्रज्वलनं इस्त्रीचा शर्ट खुंटीला लावला आणि तिला विचारलं, "आई, तिच्याशी काय बोलायचं असतं?"

त्याच्या आवाजात चीड नव्हती. चीड असती तर तिला सोपं गेलं असतं. पोळ्या लाटता लाटता तिनं ठरवलं, आधी बसला सांगून बघायचं. दगड पडायचे ते भिवावर पडू देत.

शुक्रवारी बस भोसरीच्या पुढं गेली आणि डबे उघडले. शालनबाईंच्या पुरणपोळ्या, मदिनाच्या शेवया, कुणाची भजी. रिकाम्या सीटवर भिवासाठी ताटही मांडलं. जयमालानं सांगायला सुरुवात केली. दीक्षाच्या घरी हळद दळून तयार आहे. भिवा मात्र समोरच्या खोलीत गेला, नवनाथकडे. हा पेटी शिकवणारा मास्तर बायकांच्या ओळखीचा होता, भिवाचा जुना मित्र. भिवा त्याला म्हणाला, मी हे लग्न केलं तर तिलाही फसवीन नि तुलाही. मला तुझ्याबरोबर राहायचंय.

"म्हणजे?" मागून कुणीतरी विचारलं.

"म्हणजे त्याचा जीव नवनाथवर आहे. एखाद्याचा बायकोवर असतो तसा."

 बसमध्ये सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. एकीनं कानाला हात लावले, दुसरीला हसू आवरेना. शालनबाई जुन्या मावळातल्या, त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

"आगं, पाचाला उठून पुरान वाटलं मी. ह्या पोळ्या आता पेटीवाल्याला घालू व्हय?" हशा पिकला, पण त्या हसत नव्हत्या. "गोष्ट तुझ्या हातात हाय न्हवं? मग लाव त्याचं लगीन. एक पोर झालं की गडी नीट हुतो."

हेच वाक्य जयमालानं गौरींपासून स्वतःला रोज ऐकवलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकवेना.

"लागत नाही, शालनबाई. कालपासून लावून बघतेय. तो अंतरपाटामागं उभाच राहत नाही."

तेवढ्यात कुणाला तरी आठवलं, की भिवा नवनाथसाठी रोज भाकरी झाकून ठेवायचा. दुसरी म्हणाली, नवनाथला ताप आला तेव्हा यानं तीन दिवस शाळेला दांडी मारली होती, मला तेव्हाच खटकलं होतं. जयमाला ऐकत राहिली. हे सगळं तिनंच सांगितलं होतं, गौरींच्या कितीतरी आधी, सहज, तोंडात आलं तसं. म्हणजे तिला ठाऊक होतं की काय?

मदिनानं शेवयांचा डबा बाजूला ठेवला. ती म्हणाली, "ते राहू दे. दीक्षाला कधी सांगणार?"

"सांगेल की भिवा."

"कधी? हळद लागल्यावर? माझ्या चुलतबहिणीला कुणीच सांगितलं नव्हतं. चार वर्षं बिचारी स्वतःतच खोट शोधत बसली."

 इतके दिवस जयमाला प्रज्वलच्याच काळजीत होती. तळेगावची मुलगी तिच्या लेखी मोबाइलमधला एक फोटो होती.

"आज सांगायचं," ती म्हणाली. "आजच."

कंपनीत फोन गेटवरच जमा करावे लागत. बाकीच्या आत गेल्या. जयमाला बाहेर थांबली आणि तिनं आधी प्रज्वलला फोन लावला. रविवारचं मी मोडू का, असं विचारलं. मोडण्याचं कारण मात्र मी सांगणार नाही, ते सांगणं तुझ्याकडे. पलीकडे मशीनची घरघर चालू होती.

"मोड," तो म्हणाला. "पण बाबा?"

"त्यांचं मी बघते."

मग तिनं मुलीच्या आईला फोन केला. तुमच्या मुलीत काही कमी नाही, आमचाच मुलगा लग्न करणार नाही, चूक आमची, आधी सांगायला हवं होतं. त्या बाईनं चार शब्द सुनावले. जयमालानं ते पूर्ण ऐकून घेतले आणि मगच फोन जमा केला.

ती घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. ज्योतीराम पायात चपला तशाच ठेवून खुर्चीवर बसला होता.

"चार माणसांत माझी मान खाली घातलीस. कारण काय?"

"कारण प्रज्वल सांगेल, त्याला वाटेल तेव्हा. कुणाच्या मुलीला फसवायला मी पाट मांडणार नाही."

"आणि मी एकटा गेलो तर?"

"जा. तळेगावची लोकल मलाही माहीत आहे. मी तुमच्याआधी पोचलेली असेन."

संसाराच्या अठ्ठावीस वर्षांत ती त्याच्याशी असं बोलली नव्हती.  खाली प्रज्वलची गाडी थांबली. जिन्यात पावलं वाजली आणि अर्ध्यावरच थबकली. जयमालानं दार सताड उघडलं, मुलाला हाक मारली, आणि दुसरी खुर्ची ओढून नवऱ्याच्या आणि दाराच्या मधे बसली.