मिरचीच्या वाफ्यावरची मच्छरदाणी

कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, गुडघे टेकले की मी माझा राग सांगते, तोंडून गेलेल्या शिव्या सांगते. एकदा तर तराजूला लावलेलं बोटही सांगून टाकलं. जनीची मच्छरदाणी मात्र फादरांसमोर कधी निघाली नाही. मुलीसमोरही नाही. आज तुमच्यासमोर काढते आहे — का, ते माझं मलाही नीट कळत नाही.

नवरा गेला आणि दिरांनी नंदाखाल गावातल्या वाडीची वाटणी केली. रस्त्याकडचे नारळ, केळी त्यांच्याकडे. माझ्या वाट्याला बावखल — वाडीतलं जुनं तळं — आणि त्याच्या काठची ओली जमीन. मी त्यातून भाजी काढली, पाटी डोक्यावर घेऊन विरारला दारोदार विकली, व्यापाऱ्यांशी भांडून भाव घ्यायला शिकले. मला कुणी कधी काही फुकट दिलं नाही. हे वाक्य मी इतक्यांदा बोलते की शेजारणी ते माझ्याआधी पुरं करतात. दिरांशी मी अजून बोलत नाही.

जनी आणि तिचा नवरा जव्हारकडचे. गावाकडे भात कापून झालं की वाडीच्या कामाला यायचे, बावखलाच्या काठी माझ्या झोपडीत राहायचे. त्या वर्षी जनीला दिवस गेले होते. म्हणून सरकारी दवाखान्याची आशाताई तिला औषध लावलेली मच्छरदाणी देऊन गेली. फुकट. माझ्या डोळ्यांदेखत.

सुरुवातीला जनीला ती नकोच होती. "बाय, आत जीव कोंडतं," म्हणायची. चुलीचा धूर असला की मच्छर येत नाही, असं तिचा नवराही सांगायचा. तिला ती नको होती, हे खरं आहे. पण — इथे मी आजवर थांबत आले — हे पहिल्या काही दिवसांपुरतंच खरं आहे. मग तिने वाशांना काथ्याच्या दोऱ्या बांधल्या. कडा गोधडीखाली नीट खोचू लागली. सकाळी खुरपताना इतर मजुरांना चिडवायची, "तुमचा रगत पिऊन माजलेत मच्छर. माझ्याकडे उपाशी मरतात."

ते मी ऐकलं. झोपडीत डोकावले, तर जाळीखाली बारीक किडे मरून पडलेले. आदल्या वर्षी असल्याच किड्यांमुळे माझ्या मिरचीवर बोकड्या रोग पडला होता, सगळी पानं आकसून गेली होती. रोपांच्या वाफ्यावर ही जाळी ताणली तर?

मी सौदा सुरू केला. दोन नव्या चादरी देते म्हटलं. ती नाही म्हणाली. चांगलं लुगडं देते म्हटलं. ती हसून पुन्हा नाही म्हणाली. माझ्याकडे कामाला असलेली बाई मला नाही म्हणते? माझं डोकं फिरलं. मी एवढंच विचारलं — झोपडी कुणाची आहे गं?

तिने स्वतः दोऱ्या सोडल्या. जाळीची घडी घालून माझ्या हातात दिली. मी ती मधोमध कापली आणि वाफ्यावर ताणली.

पुढच्या फेरीला आशाताईने विचारलं, "मावशी, जनीची मच्छरदाणी दिसत नाही?" मी हात झटकून म्हणाले, "अगं, ही माणसं कुठली वापरतात? नेली असेल खाडीत मासे धरायला." जाळी केळीच्या रांगेपलीकडेच होती. जनी शेजारी खुरपत होती, तिने मान वर केली नाही. आशाताई तिच्यापाशी उकिडवी बसली, मच्छरदाणी का वापरायची ते लहान मुलाला सांगावं तसं तिला समजावू लागली. जनी "हो ताई, हो ताई" म्हणत राहिली. मी उभी राहून ऐकलं. तेव्हा खरं सांगितलं असतं तर माझं काय गेलं असतं? कापलेली एक जाळी.

मग तिला हुडहुडी भरली. मीच टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. मलेरिया निघाला. मूल पोटातच गेलं.

डॉक्टरांनी विचारलं, मच्छरदाणीत झोपत होतीस का? मी खाटेपाशी उभी होते. जनीने माझ्याकडे पाहिलं. मग छताकडे पाहत म्हणाली, "नाय वापरत आमी. गरम व्हतं."

माझं खोटं ती बोलली. मूल गेलेलं, अंगात ताप, तरी झोपडी कुणाची ते ती विसरली नव्हती.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर लोक म्हणाले, मजुरासाठी कोण एवढं करतं? या लोकांना कितीही सांगा, ऐकत नाहीत, असंही म्हणाले. मी मान हलवली. नंतर कितीदा तेच मी स्वतः सांगितलं — इथल्या मजुरांना मच्छरदाण्या देऊ नका, वापरत नाहीत. काहींना मिळाल्या नसतील. माझ्या शब्दामुळे.

बावखलाकाठी संध्याकाळी काम करतानाही तिला मच्छर चावला असेल, असं म्हणता येतं. मी म्हणूनही पाहिलं. घासाघीस मला चांगली जमते.

जनी पुन्हा आली नाही. त्या वर्षी मिरचीवर बोकड्या पडला नाही. पहिली पाटी घेऊन गेले तेव्हा व्यापारी भाव पाडत होता. मी मूठभर मिरच्या त्याच्या तोंडासमोर धरल्या आणि भर बाजारात ओरडले — बघ नीट, एक तरी कीड दाखव. त्याला दाखवता आली नाही. मी मागितला तो भाव घेतला.