जानेवारीचा खंड्या

चार म्हातारे दर रविवारी कॅमेरे घेऊन पक्षी बघायला निघाले की पक्षी कमी जमतात आणि किस्से जास्त. पक्षी उडून जातात, किस्से मात्र वर्षानुवर्षं तिथेच बसून असतात. माझ्याबद्दलचे तर हलतच नाहीत.

आमचा अड्डा नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य. गाडी नाशिक रोडच्या कुलकर्ण्यांची, बँकेतून निवृत्त. मागच्या सीटवर त्यांचा शेजारी जोशी, बहुतेक वेळ झोपलेला. मी फिजिक्सचा प्राध्यापक होतो; डॉक्टरेट भिंगांवर. चौथा एकनाथ, मखमलाबादचा, गुलाब आणि झेंडू पिकवतो. त्याचा कॅमेरा खिशात मावेल एवढा, जुना. बॅटरीचं झाकण तुटलंय, म्हणून फुलांच्या जुडीचा रबर लावलेला.

दर डिसेंबरला कुलकर्णी आमच्या फोटोंचं कॅलेंडर छापतात. निवड कुलकर्णीवहिनी करतात. त्यांना पक्ष्यांतलं काही कळत नाही आणि फोटोंवर नावं नसतात, त्यामुळे निवड निःपक्षपाती. सहा वर्षांत एकनाथचे निम्म्याहून जास्त महिने. जोशी झोपूनसुद्धा दोनदा लागला. माझा एक महिना नाही. फेब्रुवारीही चालला असता.

*

माझा कॅमेरा गेला तो प्रसंग आधी सांगतो, कारण तो सगळ्यांनी आपापल्या पद्धतीने सांगून झालाय.

मी निरीक्षण मनोऱ्यावर होतो. मानेला पट्टा काचतो म्हणून कॅमेरा कठड्यावर ठेवलेला. एकनाथ खाली बांधावर बसलेला आणि त्याचा कॅमेरा माझ्याच दिशेने रोखलेला. म्हणजे मनोऱ्याच्या पायथ्याशी काहीतरी दुर्मिळ असणार. मी मान काढून खाली बघू लागलो.

"सर, हलू नका," तो हळूच म्हणाला.

मला राग आला. म्हणजे स्वतः फोटो काढायचा आणि दुसऱ्याला बघूही द्यायचं नाही! मी आणखी वाकलो. कोपर लागलं आणि कॅमेरा थेट पाण्यात.

"गेला," एकनाथ म्हणाला. मला त्याचं दुःख खरं वाटलं.

*

ओल्या वस्तू तांदळात ठेवाव्यात हे मी कुठेतरी वाचलं होतं. का ठेवाव्यात हे मला समजावूनही सांगता येतं. बायकोला तसं समजावून सांगितलं आणि कॅमेरा आठवडाभर इंद्रायणीच्या डब्यात पुरला. बाहेर काढून चालू केला तर लेन्स अर्ध्यावर येऊन करकर वाजू लागली.

मेन रोडच्या दुरुस्तीवाल्याने तो कानाशी नेला, हलवला आणि माझ्याकडे बघितलं.

"काका, बघतो. पण आधी आतला भात काढावा लागेल."

भात निघाला, पण कॅमेरा काही उठला नाही.

*

नवीन कॅमेरा निवडायला मी तक्ता केला. सेन्सर, झूम, वजन, बॅटरी, थरथर रोखण्याची सोय. एकूण सव्वीस रकाने. प्रत्येक वेळी एक मॉडेल पक्कं व्हायचं आणि घरी आल्यावर शंका यायची: आपण चुकीच्या गोष्टीला महत्त्व तर देत नाही ना? कॉलेज रोडच्या दुकानातली मुलगी मला ओळखू लागली होती. पाचव्या फेरीत मी तक्ता पुढे केल्यावर ती फार अदबीने म्हणाली,

"सर, यातले दोन आता बंद झाले. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा नवीन होते."

*

शेवटी लाज गुंडाळून एकनाथच्या मळ्यात गेलो. फुलं बघायचं निमित्त केलं. त्याचा कॅमेरा हातात घेऊन आकडे तपासले. माझ्या बुडालेल्या कॅमेऱ्यापेक्षाही कमी! मला बरं वाटायला हवं होतं. उलट पोटात जास्तच दुखलं.

"एकनाथराव, तुम्ही नेमकं करता काय?"

"काय नाय सर. बसतो."

"आणि?"

"आन काय. लय येळ बसतो." तो माझा तक्ता उलटसुलट बघत होता. "सर, तुम्हाला काढायचंय काय, ते कुठं लिवलंय?"

त्याचा रकाना नव्हता.

*

मग एकदाचा मी सगळ्यात लांब झूमचा कॅमेरा घेतला आणि ठरवलं, खंड्या काढायचा. सलग आठ रविवार काढला. पिसन् पीस मोजता येईल असा.

डिसेंबरमध्ये कुलकर्ण्यांच्या हॉलमध्ये लॅपटॉपभोवती बसलो. माझा खंड्या आला. वहिनींनी चष्मा वर केला.

"छान आहे. आधार कार्डावर लावायचाय का?"

एकनाथ हसला नाही. ते मला जास्त लागलं.

आणखी काही फोटो गेल्यावर वहिनी एका फोटोवर थांबल्या. "हा जानेवारीला," लगेच म्हणाल्या. "किती मन लावून बघणं चाललंय ना."

"कोण, खंड्या?" कुलकर्ण्यांनी विचारलं.

"छे हो. सर."

मी पुढे सरकलो. मनोऱ्याचा कठडा. कठड्यावर निळाशार खंड्या, चोचीत मासा. त्याच्यापासून वीतभर अंतरावर माझं कोपर. कोपराला टेकलेला माझा कॅमेरा. आणि लांब मान काढून, खंड्याकडे पाठ करून, खाली पायथ्याशी बघणारा मी.

जोशीसुद्धा जागा झाला.

"एकनाथराव," मी म्हणालो, "तेव्हा सांगायचं नाही का?"

त्याने बशीतला चहा संपवला.

"सांगितलं की, सर. हलू नका म्हटलं होतं."