दिराच्या मोबाईलवरच्या जाहिराती

वेबसाईट फुकट बनली, असं गेलं दीड वर्ष मी सगळ्यांना सांगत फिरलो. तिची खरी किंमत मंगळवारी कळली... सासूचा दोन दिवसांचा अबोला. आणि तो मी नाही, एका भलत्याच बाईनं सोसला.

माझं चिखलीला वधू-वर सूचक केंद्र आहे. एका खोलीत, एका वहीवर सुरू केलं होतं. पुनर्विवाहाची स्थळं मी वेगळी जपतो. दोघांना शेगावला दर्शनाच्या निमित्तानं बोलावतो, तिथं भेट होते, गावाला पत्ता लागत नाही.

बाईला मी बाजूला नेऊन एकटीला विचारतो. भाऊ ‘हो’ म्हणाला आणि ती गप्प राहिली, तर तो होकार मी धरत नाही. माझ्याकडून कुणाची गोष्ट फुटली, असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

मंगळवारी अमडापूरकडच्या एका ताईंचा फोन आला. नवरा वारलेला, लहान मुलगी घेऊन सासरीच राहतात. मागे एका लग्नात त्यांनी हळूच विचारलं होतं, तेव्हा ‘साइटवर स्थळं बघा’ असं मीच सांगितलं होतं.

“भाऊ, खरं सांगा. कोणाले बोलले काय तुम्ही?”

“नाही हो ताई. तुमचं नाव अजून वहीतही नाही.”

“मंग दिराच्या मोबाईलवर दुसऱ्या लग्नाच्या जाहिराती काऊन येऊन राह्यल्या? सोयाबीनचा भाव पाहाले गेला, का थेच!”

घरात स्मार्टफोन तो एकच. त्यावरच गुपचूप साइट पाहून ताईंनी हिस्टरी पुसली होती, तरी जाहिराती मागे लागल्या. सासूनं दोन दिवस अबोला धरलेला, आता मुलीसकट घराबाहेर काढतील की काय, ही धास्ती.

साइट बनवणाऱ्या इंजिनिअरला फोन लावला. तो निवांत.

“काका, कोण काय पाहते, थे जाहिरातवाल्यायले जाते. म्हणून तर फुकट हाये. अन् संमती घेतली ना आपण, खाली पट्टी येते.”

पट्टी उघडली... ‘साइट पाहत राहिलात म्हणजे तुमची संमती आहे.’ खाली एकच बटण, ‘ठीक आहे’. नको म्हणायची सोयच नाही. कायदा तर आता म्हणतो, संमती समजून आणि मोकळेपणानं दिलेली हवी, देणं जितकं सोपं तितकंच ती परत घेणंही.

जाहिरातवाल्यांकडे माहिती नेणारं ते सगळं साइटवरून तिथल्या तिथं काढायला लावलं. “अन् गेलेलं?” विचारलं, तर म्हणे, “थे परत नाही येत, काका.” तेव्हापासून स्वस्थ बसवत नाही... अजून कुणाकुणाच्या घरात काय पोहोचलं असेल?

ताईंची माफी मागितली. घरी येऊन समजावू का, म्हणालो.

“बिलकुल येऊ नका! तुमची गाडी सारं गाव ओळखते.” मग हळूच, “स्थळ मात्र पाहून ठेवजा. फोन माह्या मैत्रिणीच्या नंबरवर करजा.”

एवढं होऊनही त्यांनी विश्वास ठेवला, हे त्यांचे उपकार. तुमच्या दुकानाची, क्लासची साइट असेल तर तिच्यावरची पट्टी एकदा वाचा... मी माझी परवा पहिल्यांदा वाचली.