लाकडाचं बोट

आज लाकडाचं बोट वर जाताना पाहिलं. आमचे हे सुतार. कटरमध्ये यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हापासून हात घरातसुद्धा टॉवेलखाली. नात "चिमणी उड" खेळायला बोलवायची, तर हे काहीतरी काम काढायचे.

यंदा ती येणार म्हणून यांनी सागाचं बोट केलं. जुन्या खेळण्यातली मोटर, तिच्यावर लाकडी चाक, चाकाला दांडी आणि दांडीला बोट. पायानं बटण दाबलं की बोट वर उठतं.

पण चाक फिरायला वेळ लागतो. ती "कावळा उड" म्हणाली तेव्हा यांनी बटण दाबलं आणि बोट उठेपर्यंत नात "म्हैस उड" म्हणून मोकळी!

"आजोबा, तुमची म्हैस उडाली! चापट खा आता."

यांनी लाकडी बोट पुढे केलं.

"त्याला कुठे लागतं? तुमचा हात द्या."

पोळी लाटता लाटता मी थांबले. माणूस परक्यांपेक्षा आपल्याच माणसांना जास्त लाजतो. यांनी हळूच टॉवेल बाजूला केला. तिनं उरलेल्या बोटांवर सणसणीत चापट मारली.

"अगं, लागलं ना!" हे हसत ओरडले. मग मोटरची वायर काढून यांनी आपलंच बोट जमिनीवर टेकवलं.