समुद्राकडची गोल खिडकी

बाबांनी गावच्या बोटीत केबिन घेतली, ही बातमी संध्याकाळपर्यंत चाळभर झाली. आमची चाळ घाटकोपरच्या टेकडीवर. निम्मी बिऱ्हाडं कोकणातली, आणि मे महिना आला की त्यातली बरीचशी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायची. पण जायची ती डेकवर, चटई टाकून, ट्रंकेला टेकून. केबिन ही मोठ्या लोकांची चैन. त्यामुळे खालच्या बिऱ्हाडातल्या काकूने नळावर मला विचारलं, काय गं, लॉटरी लागली की काय तुमच्या बाबांना? मी म्हटलं, लागली ना, आईच्या हाडांपर्यंत कॅन्सर गेलाय, त्याचीच ही. काकूने हंडा उचलला आणि न भरताच घरात गेली. माझं तोंड तेव्हाही असंच होतं, कॉलेजात जाऊनही सुधारलं नव्हतं. रात्री तीच काकू आईसाठी मऊ भात घेऊन आली आणि मला मान वर करून बघवेना.

परळच्या डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं होतं. घरी म्हणजे चाळीत, असं मला वाटलं. आईला वाटलं, गावी. बाबांचं गावचं घर आमच्या बंदरावरच होतं, उतरलं की दहा पावलांवर. एस.टी.त बसून जाणं तर सोडाच, आईला कुशीवर वळवलं तरी ती ओठ चावायची. म्हणून बोट. त्यातही खालच्या डेकवरची केबिन, कारण आमच्या बंदरावर बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर समुद्रात उभी राहायची, मचवा जाऊन माणसं उतरवून आणायचा, आणि मचव्यात उतरायचं दार खालच्या डेकलाच होतं. बाबांनी सगळा विचार केला होता. गिरणी संपात गेल्यापासून ते मुलुंडच्या एका कारखान्याच्या गेटवर रात्रपाळीला राखण करत होते, आणि बसल्याबसल्या विचार करायची सवय त्यांना तिथेच लागली होती.

आईने मागितलं होतं एकच. तिला तिच्या भावाला बघायचं होतं.

हा आमचा मामा. आजी-आजोबा लवकर गेले, आईला त्यानेच वाढवलं, त्यानेच उजवलं. पुढे एकदा माडावरून पडला आणि त्याचा पाय कामातून गेला. काठी घेऊन घरात, अंगणात, फार तर देवळापर्यंत. त्याचं गाव आमच्या बंदराच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. तिथे बोट थांबत नव्हती, आणि धड रस्ताही नव्हता. पण गावाचा कडा समुद्रात घुसलेला होता आणि बोट त्या कड्याच्या जवळून जायची. बहीणभावाची वर्षाची भेट तिथे व्हायची. आम्ही गावी जाताना तिथे पोचायचो तेव्हा ऊन उतरतीला लागलेलं असायचं. मामा काठी टेकत कड्यावर येऊन उभा असायचा आणि पांढरा पंचा हलवायचा. परत मुंबईला येताना तिथे अंधार पडलेला असायचा, म्हणून तेव्हा चूड पेटवून हलवायचा, माडाच्या सुक्या झावळीची. जाताना पंचा, येताना चूड. आई डेकच्या कठड्याला धरून पदर हलवायची आणि भोवतालची माणसं बघतायत याची तिला अजिबात लाज नसायची. मला मात्र असायची. मी लांब जाऊन उभी राहायची.

या वेळी पत्र टाकून मामाला बोट कळवली होती. आणि आईला डेकवर नेता येणार नाही, म्हणून बाबांनी तिला खिडकी दाखवायची ठरवली. तिकीट काढून आल्यावर ते तिच्या उशाशी बसले आणि हाताने हवेत गोल काढून सांगत राहिले. दोन बर्थ आहेत, वरखाली. पंखा आहे. हात धुवायला बेसिन. आणि तुझ्या बर्थच्या बरोबर उंचीला गोल खिडकी, जाड काच, भोवती पितळी कडं. तुला उठायला नको की मान उचलायला नको, झोपल्याझोपल्या तुझा दादा दिसेल. आईने त्यांना खिडकी केवढी असेल ते दोनदा विचारलं. बाबांनी दोन्ही वेळा हात थोडे थोडे मोठे केले.

धक्क्यावर हमालांनी तिला वेताच्या खुर्चीत बसवून उचललं आणि लोखंडी जिन्याने खाली उतरवलं. त्या जिन्यावर ती जे काही ओरडली ते मला अजून ऐकू येतं. केबिनमध्ये बर्थवर निजवल्यावर बराच वेळ तिचे डोळे मिटलेलेच होते. मी इकडेतिकडे बघत बसले. ऑइलपेंटचा आणि डिझेलचा वास, पंखा फिरायचा पण वारा येत नव्हता, आणि इंजिनाची थरथर बर्थच्या फळीतून थेट अंगात जायची. खिडकी बाबांच्या हातांपेक्षा बरीच लहान होती. आमच्या घरातल्या परातीएवढी म्हणा. काचेवर मिठाची पुटं चढलेली आणि कड्याचे स्क्रू हिरवे पडलेले. मी ओल्या फडक्याने आतून पुसली, पण मीठ बाहेरच्या बाजूला होतं.

बोट सुटली आणि खिडकीत मुंबई आली. गोद्या, क्रेनी, पुढे कुलाब्याच्या इमारती. बाबा एवढे खूश झाले की विचारू नका. बघ, म्हणाले, म्हटलं नव्हतं तुला? सगळा किनारा दिसतोय. आईनेही डोळे उघडून बघितलं. मग कुलाब्याची दांडी मागे गेली आणि खिडकीत पाणी राहिलं. थोडं पाणी, थोडं आभाळ. बोट कलली की काचेवर हिरवं पाणी चढायचं आणि केबिनमध्ये एकदम अंधारून यायचं. बाबा म्हणाले, जरा वेळाने येईल किनारा. दुपारी मी तिला पेज भरवत होते, तेव्हासुद्धा बाबा खिडकीशीच बसलेले, किनाऱ्याची वाट बघत. शेवटी तिनेच त्यांना सांगितलं.

"अहो, गावी जाताना किनारा डाव्या हाताला असतो. ही उजवी बाजू आहे. हिच्यातून दादा दिसायचा नाही."

तिला केव्हापासून माहीत होतं कोण जाणे. इतकी वर्षं त्या कठड्याला धरून उभी राहिलेली बाई, तिला बोटीत पाऊल टाकल्याबरोबर कळलं असणार. बाबा खिडकीपासून मागे सरकले. वाट लागली, वाट लागली, एवढंच पुटपुटत राहिले. तिकिटाच्या खिडकीवर त्यांना विचारलं होतं, केबिन खिडकीची हवी ना? ते हो म्हणाले होते. कुठल्या बाजूची, हे तिकीटवाल्याने विचारलं नाही आणि बाबांना सुचलं नाही. डेकवर जाणाऱ्या माणसाला बाजू निवडावी लागत नाही हो. तो उठतो आणि पलीकडच्या कठड्याशी जातो.

बाबा उठले आणि समोरच्या, डाव्या बाजूच्या केबिनचं दार वाजवलं. आत गोव्याला निघालेलं नवं जोडपं होतं. नाही म्हणतील म्हणून मी भांडायच्या तयारीने मागे उभी होते. पण ती पोरगी ऐकताऐकताच बॅग आवरायला लागली, तिच्या नवऱ्याने चादरसुद्धा झटकून ठेवली. चांगली माणसं होती. बाबांनी आणि त्याने मिळून आईला उचलायला हात घातले, जेमतेम वीतभर उचललं असेल, आणि आईच्या तोंडून तो जिन्यावरचा आवाज पुन्हा निघाला. परत खाली ठेवलं. बाबांनी पुन्हा एकदा बघू म्हटलं तेव्हा तिने हात जोडले. नवऱ्यापुढे हात जोडलेली आई मी पहिल्यांदाच बघितली.

ऊन खिडकीतून आत यायला लागलं, म्हणजे सूर्य आमच्या बाजूला उतरला होता. कडा जवळ आल्याचं बोटीवरच्या खलाशाने येऊन सांगितलं, बाबांनी त्याला सांगून ठेवलं होतं. आईने मला ट्रंक उघडायला लावली. भाऊबीजेला मामाने पाठवलेलं पातळ तिच्यात होतं, हिरवंगार, लाल काठाचं.

"हे घेऊन वर जा. डोक्यावरून घे, आणि पदर जोरात हलव. त्याला वाटू दे मी उभी आहे."

मी म्हटलं, आई, काहीतरीच काय. ती म्हणाली, जा गं, कडा जाईल. तिला तेवढं बोलूनही धाप लागली, म्हणून मी गेले. जिना चढून, माणसांच्या वळकट्या ओलांडून डाव्या कठड्याशी पोचले, पातळ आईसारखं डोक्यावरून घेतलं. मामा होता. कड्याच्या टोकाला, काठी बगलेत धरून, पंचा हलवत होता. मी पदर हलवला. त्याला पातळ दिसलं असणार, कारण तो एकदम काठी सोडून दोन्ही हातांनी पंचा हलवायला लागला. काठीशिवाय उभा होता आणि डुलत होता. मी रडत होते आणि हलवत होते. या वेळी कोण बघतंय याची मलाही लाज वाटली नाही.

खाली आले तर आई दाराकडे डोळे लावून होती. आला होता का, पंचा होता का, वाळलाय का, सगळं विचारलं. मी म्हटलं, काठी टाकून दोन्ही हातांनी हलवत होता. ती हसली. म्हणाली, वेडा आहे, पडेल कुठेतरी.

"मी त्याला दिसले, झालं. येताना हीच खिडकी त्याच्या बाजूला येईल. तेव्हा मी चूड बघीन."

बाबा लगेच म्हणाले, येतानाही हीच केबिन घेऊ. आणि त्या दोघांनी अगदी ठरवूनच टाकलं, अंधारात चूड तर आणखी छान दिसेल, काचेला मीठ असलं तरी दिसेल. मी तिथे बसून ऐकत होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अरे, कसलं येताना? पण आई मला डोळ्यांनीच गप्प करत होती. तिला सगळं कळत होतं. ती बाबांसाठी बोलत होती.

बंदरावर उतरलो, घरी पोचलो आणि आठवडा पुरा व्हायच्या आत आई गेली. मामाला निरोप धाडला, पण होडीने खाडी ओलांडून, बैलगाडीने, मग एस.टी.ने तो पोचला तेव्हा चिता विझली होती. माहेरचं लुगडं भावाने घालायचं असतं. तो घेऊन आला होता, काखोटीला मारून. ते तसंच राहिलं. आम्ही तिला ते हिरवं पातळच नेसवलं होतं, ते तरी त्याचंच म्हणून.

मामा ओटीवर बसला आणि कोणी काही विचारायच्या आत बोलायला लागला. म्हणाला, पत्रात आजारी आहे असं होतं, मी घाबरलो होतो, बैलगाडी सांगूनच ठेवली होती, बोट गेली की दुसऱ्या दिवशी निघणार होतो. पण बोटीवर उभी बघितली आणि जिवात जीव आला. म्हटलं, एवढी उभी राहते, पदर हलवते, मग काही एवढं नाही. गाडीवाल्याला नको म्हणून सांगितलं.

"उभी होती ना ती? मी या डोळ्यांनी बघितली."

मी तोंड उघडलं. माझ्या तोंडात कधी काही राहिलेलं नाही, त्या क्षणीही राहिलं नसतं. पण बाबा माझ्या आधी बोलले. त्यांनी मामाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हो दादा, उभी होती." मग मामाने डोळे पुसले आणि म्हणाला, बरं झालं, मला तशीच आठवेल. मी आत जाऊन चुलीपुढे बसले.

तेरावं झाल्यावर मामा त्याच्या गावी गेला. जाताना म्हणाला, तुमची बोट जाईल त्या दिवशी मी येतो कड्यावर. बाबा म्हणाले, दादा, आता कशाला, पायाला त्रास. तो म्हणाला, दरवर्षी येतो, मग यंदा का नाही?

परतीला बाबांनी तीच केबिन मागून घेतली. मी म्हटलं, डेकवर जाऊ, कशाला तो कोंडमारा. ते ऐकेनात. तोच वास, तीच थरथर, खिडकीवर तेच मीठ. या वेळी खिडकीत काळोख पडेपर्यंत किनारा होता, माडांच्या रांगा, देवळांची शिखरं, वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या, संपतच नव्हता. बाबा आईच्या बर्थवर टेकूनसुद्धा बसले नाहीत. वरच्या बर्थखाली मान वाकवून उभेच होते. काळोख झाला तेव्हा त्यांनी केबिनचा दिवा घालवला, म्हणजे काचेत बाहेरचं दिसावं.

चूड दिसली. एका कडेने खिडकीत आली, अगदी एवढीशी, तांबडी, हलत होती. मामा दिसत नव्हता, कडाही दिसत नव्हता, नुसतं ते तांबडं हलणं. बाबा म्हणाले, "बघ, दिसतंय की गं." ते माझ्याशी बोलत नव्हते. मग त्यांनी गळ्यातला टॉवेल काढला आणि त्या अंधाऱ्या केबिनमध्ये काचेपुढे हलवायला लागले. बाहेरून ते कोणाला दिसणार? मी म्हटलं, बाबा, मी वर जाऊ का? ते नको म्हणाले. आणि मी गेले असते तरी हातात काय नेणार होते?

चूड दुसऱ्या कडेपर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली. मामा तिकडे अजून हलवत असणार. वर कठड्याकडे बघून, जिथे त्याला त्याची बहीण शेवटची उभी दिसली होती तिथे. मी खाली तिच्या बर्थवर, तिची उशी होती तिथे डोकं टेकलं आणि बाबांचा टॉवेल थांबायची वाट बघत पडून राहिले.