फलकावरची शेवटची ओळ

"पायाला कळतं सायेब, डोळ्याला नाय," असं म्हणून मामा चपला काढायचे आणि सामन्याआधी खिळे शोधत अख्खं मैदान अनवाणी चालून यायचे. रग्बीत पोरं जमिनीवर आपटायचीच. त्यामुळे मामांनी मान डोलावल्याशिवाय आमचा क्लब खेळायला उतरत नसे. पाहुणा संघ हसायचा. हसू दे.

आमचं हे घरचं मैदान अंबडच्या कारखान्यांमागे आहे. एका बाजूला चार पायऱ्या बांधल्यात, म्हणून आम्ही ऐटीत त्याला स्टेडियम म्हणतो. पूर्वी तिथे भंगार पडायचं. वणीकडून कामाला आलेल्या मामांनी ते घमेल्यांनी उपसलं, खड्डे खणून गोलचे खांब उभे केले आणि राखणदार म्हणून तिथेच राहिले. "लय खिळे निघाले सायेब, अजून बी निघत्यात," असं ते कौतुकानं सांगायचे, जणू शेतातले बटाटेच!

मैदानाचा इतिहास फाटकाशी फलकावर लावायचं ठरलं. लिहायचं काम माझ्याकडे आलं. तीन रविवार मामांसमोर बसलो आणि त्यांनी सांगितलं तेच उतरवलं. "तुमचं नाव येणारच, मामा," असं छातीठोक म्हणालोही. आणि काय सांगू तुम्हाला, फलकावर अध्यक्ष आले, देणगीदार आले, पायऱ्यांचा ठेकेदारसुद्धा आला. मामांचं नाव मी साफ विसरलो. कुणी अडवलं नव्हतं हो मला!

उद्घाटनाला मामा इस्त्रीचा सदरा घालून आले. त्यांना वाचता येत नव्हतं. गर्दी पांगल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "माझं कुठं हाय?"

तेव्हाच कान धरून कबूल करायचं ना! पण त्यांचा चेहरा बघून जीभ रेटेना. मी त्यांचं बोट धरलं आणि सगळ्यात खालच्या ओळीवर ठेवलं. तिथे 'लेखन' असं होतं आणि पुढे माझं नाव.

"बारीक हाय, पण हाय," मामा म्हणाले.

मग रोज सकाळी ते उपरण्यानं ती ओळ पुसायचे. मी दिसलो की जरा जास्तच. नवा फलक करू, पुढच्या महिन्यात नक्की करू, असं म्हणत मी चार वर्षं ढकलली. लाज वाटायची, पण लाज वाटून कुणाचं नाव फलकावर येत नाही.

या हिवाळ्यात मामा गेले. कळवणला शिक्षिका असलेली त्यांची मुलगी मैदानाच्या किल्ल्या द्यायला आली आणि फलकापाशी थांबली. मला राहवेना.

"ताई, मी तुमच्या वडिलांना फसवलं."

"त्यांना माहीत होतं, काका. पहिल्याच दिवाळीत मी वाचून दाखवलं. तुमच्याशी भांडायलाच निघाले होते मी. आप्पा म्हणाले, 'गप बस. मी पुसायचं सोडलं तर सायबांना कळंल, मला कळलंय म्हणून.'"

किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात देऊन ती कळवणची बस पकडायला गेली. फाटक मलाच लावावं लागलं. त्यातली कुठली किल्ली कुलपाला लागते, तेसुद्धा मला माहीत नव्हतं.