हातासकट कौतुक

"काढ हात! आधी मुलाला सोड!"

मोठ्या साहेबाची बायको वरडली तवा माझी बोटं लेकराच्या गालावर व्हती. बंगल्याच्या व्हरांड्यात च्या प्यायला बसलेली समदी माणसं माझ्याकडं बघाय लागली.

येलदरीच्या धरणाचं काम चालू व्हतं तवाची गोष्ट हाय. मशिनी बसवायला स्वीडन देशाचा एक इंजिनेर आल्ता, संगं बायको अन् दीड वर्साचं लेकरू. मी त्यांच्या घरी झाडलोट करायची, कपडे धुवायची. आमी महारवाड्यातले. गावात माझी सावली चुकवून माणसं चालायची. अन् ह्या मडमेनं पहिल्याच दिशी लेकरू माझ्या कडंवर दिलं. मी रडले व्हते त्या दिशी.

मडम मला तिची बोली शिकवायची. आधी कौतुकच शिकवलं. खाणं चांगलं झालं की "वा गोत". लेकरू गोजिरं दिसलं की "वा फीन दू एर", म्हंजी किती छान दिसतंस तू. जीभ वळायची न्हाई. कपडे आपटता आपटता मी घोकायची. जाऊ म्हणायची, "यडी झालीस का बाई? कुणासंगं बोलायलीस?" पर मला लय हौस. मडमेला तिच्याच बोलीत चार गोड शब्द द्यायचे व्हते. दुसरं काय व्हतं माझ्याजवळ?

च्या-पानाच्या त्या दिशी धरणाच्या मोठ्या साहेबाच्या घरचे आल्ते. मडमेनं मला म्होरं बोलावलं, लेकराकडं बोट केलं. मी म्हणले, "वा फीन दू एर." समद्यांनी टाळ्या वाजवल्या. अन् माझे हात आपसूक गेले. आमच्यात लेकराचं कौतुक केलं की अलाबला घ्यावीच लागती. दोन्ही हात त्याच्या तोंडावरनं फिरवायचे, आपल्या कानशिलावर बोटं मोडायची. नुसतंच कौतुक केलं तर लेकराला नजर लागती. तेवढंच करत व्हते मी.

साहेबाच्या बायकोनं मडमेला इंग्रजीत काईतरी सांगितलं. लय येळ सांगितलं. मडमेच्या हातचा केक खाताना ह्या बाईला इटाळ नव्हता! मला वाटलं, आता मडम हिला झाडणार. मडमेनं लेकरू उचललं, आत नेलं अन् न्हाऊ घातलं. पाण्याचा आवाज भाईर आईकू येत व्हता. माझा हात धुवायली व्हती ती.

हातात खराटा देऊन मला अंगणात उतरवलं. साहेबाची बायको म्हणली, "आता तिथूनच बोल. माझ्या साडीचं कौतुक कर बघू त्यांच्या भाषेत. हात तेवढे लांब ठेव."

परत हसणं. मडम ओलं लेकरू घिऊन दारात आली. ती बी हसली. बारीक हसली, पर हसली. बाकीच्यांचं मला काई वाटलं न्हाई. तिचं लागलं.

दूध नको झालं की ते लेकरू एक शब्द म्हणायचं. तो मला कुणी शिकवला नव्हता.

"नेय," मी म्हणले. न्हाई.

मडमेचं हसू गेलं. तिनं मानेनं खुणावलं, म्हण की. म्या तिच्या डोळ्यात बघून परत म्हणलं, "नेय." खराटा तिथंच टाकला अन् घरचा रस्ता धरला.

तवाच ठरवलं. माझं कौतुक पायजे आसंल तर ह्या हातासकट घ्या. हाताचा इटाळ व्हत आसंल, तर मडम असू न्हाईतर साहेबीण, माझ्या तोंडून तुमाला गोड शब्द मिळायचा न्हाई.